रेंज ट्रेकवरचा दिवस: कुठलं काम आधी, कुठलं नंतर (आणि तिसऱ्या दिवशी सगळे का बसतात)

राजगड-तोरणा-रायगड असा रेंज ट्रेक, म्हणजे डोंगररांगेने एका गडावरून दुसऱ्या गडावर काही दिवस चालत जायचं, करायचाय म्हणून दर हिवाळ्यात कोणी ना कोणी विचारतं, आणि प्रश्न ठरलेले: वाट कशी आहे, गाइड लागतो का, किती तास. वाट सापडते हो. गावात विचारलं तरी सापडते आणि जीपीएसचा ट्रॅक मोबाइलवर डाउनलोड केला तरी सापडते. माणसं अडकतात ती दुसरीकडेच. एका दिवसाचे पन्नास ट्रेक केलेली पोरं चार दिवसांच्या रेंजला जातात आणि तिसऱ्या सकाळी पायाला फोड, पोट बिघडलेलं, ओले मोजे, मोबाइल मेलेला, आणि मग घाटमाथ्यावरच्या एखाद्या वाडीतून जीप शोधत परत. दम कमी पडलेला नसतो. रोजची बारीकसारीक कामं चुकीच्या क्रमाने केलेली असतात, एवढंच. म्हणून हा लेख वाटेचा नाही, दिवसाचा आहे. उदाहरणं याच रेंजची घेतलीत, पण रतनगड-कात्राबाई-हरिश्चंद्रगड करा नाहीतर दुसरं काही, क्रम तोच.

काळ धरलाय नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सुरुवात. मार्चनंतर गडांवरची कातळात खोदलेली पाण्याची बरीच टाकी आटतात आणि मग हे सगळं गणित कोसळतं.

१. घरी बसून करायचं काम: पाण्याचा कागद

आधी मेनू ठरवायचा नाही, आधी पाणी. एक कागद घ्या, रोजचा एक रकाना पाडा आणि त्यात लिहा: सकाळी पाणी कुठे भरणार, मधे कुठे मिळेल, संध्याकाळी कुठे, आणि तिथे नसलं तर सगळ्यात जवळचं गाव कुठलं. राजगडावर पद्मावती माचीवर टाकी आणि तलाव आहे, तोरण्यावर मेंगाई देवीच्या देवळाच्या आसपास टाकी आहेत, पण या दोघांच्या मधल्या धारेवर, म्हणजे डोंगराच्या कण्यावर, भरवशाचं पाणी नाही. खिंडीत जिथे डांबरी रस्ता ओलांडतो तिथे नाहीतर धारेवरच्या एखाद्या घरापाशी रविवारी ताक-सरबत मिळेलही, पण मंगळवारी गेलात तर नुसतं ऊन मिळेल. म्हणजे राजगडावरून निघताना माणशी ३ लिटर घेऊनच निघायचं, आणि १ लिटर म्हणजे १ किलो, हे वजन सॅकमधे आधीच धरायचं. बहुतेक जण घरी सॅक उचलून बघतात ती रिकाम्या बाटल्यांची. हलकी वाटते, खूश होतात.

मग चालायचा वेळ. जुना ठोकताळा असा की ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला वर एक तास. आपल्याकडे घसारा (सुटी माती-दगड), कारवीच्या झुडपांचं रान, चुकलेल्या वाटा आणि पाठीवर ओझं, त्यामुळे येईल त्याची दीडपट करा. समजा १२ किलोमीटर आणि ७०० मीटर चढ आहे, तर हिशोबाने साडेतीन तास येतात, दीडपट केले की सव्वापाचच्या पुढे, आणि बसणं-खाणं-फोटो धरून सात तास. दिवसाचं चालणं सात-आठ तासांच्या वर जात असेल तर तो दिवस दोन करा. हट्ट करू नका.

मुक्कामाचं पण आत्ताच बघायचं. गडांवर रात्री राहू देण्याचे नियम बदलत असतात, संरक्षित स्मारकावर मनाईही असते, त्यामुळे "आम्ही २०१५ ला देवळातच झोपलो होतो" याला काही अर्थ नाही. पायथ्याच्या गावात फोन करून विचारा, आणि मुक्काम गावात करावा लागला तर कुठल्या गावात ते कागदावर लिहा.

*तपासा: कागदाचा फोटो ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या मोबाइलमधे आहे का, आणि घरच्या एका माणसाकडे आहे का. "अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं" हे त्याला सांगून ठेवा.*

२. सॅक: काय घ्यायचं यापेक्षा कुठे ठेवायचं

वजन पाणी धरून स्वतःच्या वजनाच्या पाचव्या भागाच्या आसपास. ६० किलोच्या माणसाला १२ किलो. चौथ्या भागापुढे गेलं की गुडघे बोलायला लागतात, आणि ते उतारावर बोलतात, चढताना गप्प असतात.

आधी सॅकच्या आत एक मोठी जाड कचऱ्याची पिशवी घालायची आणि सगळं सामान तिच्यात. सॅकचं रेनकव्हर दवापासून वाचवतं, पण बाटली आतल्या आत फुटली की काही कामाचं नाही. तळाला स्लीपिंग बॅग, पाठीला चिकटून मधोमध जड वस्तू म्हणजे शिधा, भांडी आणि जास्तीचं पाणी, बाहेरच्या बाजूला हलके कपडे. वरच्या कप्प्यात फक्त एवढंच: हेडलॅम्प, औषधं, टेप, गूळ-शेंगदाणे, टॉयलेटची पिशवी. कॅरीमॅट (खाली अंथरायची चटई) बाहेर लटकवू नका, कारवीत अडकून फाटते आणि नाळेत, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीत, उतरताना कातळाला अडून माणसाला पुढे ढकलते.

शिधा माणशी रोज साधारण ५५० ग्रॅम कोरडा. चार दिवसांचे सव्वादोन किलो. लोक माणशी चार किलो आणतात आणि त्यातला अर्धा फरसाण असतो, तहान लावणारा.

बुटांबद्दल एकच गोष्ट, पण नीट ऐका. नवे बूट नकोत हे सगळ्यांना माहीत असतं, पण *जुने ठेवणीतले* बूटही नकोत. चार वर्षं कपाटात पडलेल्या बुटांचा सोल आतून कुजलेला असतो, दिसायला झकास. आमच्यातल्या एकाचा तोरण्याच्या बुधला माचीच्या शिडीच्या अलीकडे दोन्ही पायांचा सोल निघाला, आणि पुढचे दोन दिवस तो नायलॉनच्या दोरीने बांधून चालला. निघायच्या आधी महिनाभर तेच बूट घालून, सॅकमधे पाण्याच्या बाटल्या भरून तीन-चार वेळा टेकडी चढा. पायाची नखं निघायच्या तीन दिवस आधी सरळ कापा, आदल्या रात्री नको, कोपरा जखमी झाला तर भरून यायला वेळ लागतो.

*सावधान: गॅसचा कॅनिस्टर ट्रेनमधून न्यायला बंदी आहे, एसटीतही चालत नाही. आपली गाडी नसेल तर चुलीवर किंवा गावातल्या जेवणावर प्लॅन करा. चूल जिथे गावकरी करतात तिथेच, जंगलात नाही.*

३. पहाट: उजाडायच्या आधीचे दोन तास

डिसेंबर-जानेवारीत इकडे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, साडेसहाला दिसायला लागतं. पावणेसातला पहिलं पाऊल पडलं पाहिजे. म्हणजे पावणेपाचला उठायचं. हो, दोन तास लागतातच, चार जण असले की लागतातच, "आम्ही अर्ध्या तासात आवरतो" म्हणणारे साडेआठला निघालेले पाहिलेत.

क्रम असा. उठल्या उठल्या एकाने चहाचं आधण ठेवायचं आणि बाकीच्यांनी *त्याच वेळी* स्लीपिंग बॅग आत भरायची, चहा झाल्यावर नाही. चहा झाल्यावर माणूस परत पांघरुणात शिरतो. मग बूट उलटे करून जोरात आपटायचे, विंचू-गोम काही आत नाही ना बघायचं, तरच पाय घालायचा. मग संडास. मग खाणं: दशम्या, गूळपोळी, उपमा, जे असेल ते, पण गरम आणि पोटभर. बिस्किटांवर निघालात तर साडेनऊला पाय थरथरतात. शेवटी बाटल्या भरायच्या आणि त्यातलं अर्धा लिटर तिथेच पिऊन परत भरायच्या. पोटातल्या पाण्याचा सॅकला भार नसतो.

*तपासा: निघताना एकाने मागे राहून दिवसाउजेडी जागा फिरून बघायची. राहून जातं ते नेहमी तेच: चमचा, काडेपेटी, दोरीवरचा मोजा, आणि प्लॅस्टिक.*

४. चालणं

पहिला अर्धा तास मुद्दाम हळू, बोलता येईल इतकं हळू. सगळ्यात मंद माणूस पुढून दुसरा ठेवा. त्याला शेवटी टाकलंत की तो येऊन पोहोचतो तेव्हा बाकीच्यांची विश्रांती संपलेली असते, ते उठतात, आणि त्याला दिवसभर बसायलाच मिळत नाही. मग तिसऱ्या दिवशी म्हणायचं "हा फिट नव्हता".

पन्नास मिनिटं चालायचं, दहा मिनिटं बसायचं, सॅक उतरवून. दर थांब्याला दोन-चार घोट पाणी आणि मूठभर काहीतरी. तहान लागल्यावर प्यायचं ठरवलं तर उशीर झालेला असतो, आणि घटाघटा अख्खी बाटली संपवली तर पुढच्या तीन तासांचं काय? दुपारच्या एका बाटलीत इलेक्ट्रल (मीठ-साखरेची ओआरएस पावडर) घाला. नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोट्या चहाच्या चमच्याने.

आता पाय. टाचेला नाहीतर बोटाला *गरम* लागायला लागलं, नुसतं गरम, की तिथल्या तिथे थांबायचं. पुढच्या थांब्याला नाही, शिखरावर पोहोचून नाही. सगळ्या ग्रुपला थांबवायची लाज वाटते म्हणून फोड येतात, दुसरं कारण नाही. मोजा काढा, पाय कोरडा करा, त्या जागेवर टेप लावा गुळगुळीत, सुरकुती न पडता, आणि मोजा बदला. पाच मिनिटांचं काम. फोड आल्यावर तेच काम रोज वीस मिनिटांचं होतं आणि तरी दुखतंच. मांड्या काचत असतील तर व्हॅसलिन सकाळीच लावायचं, काचल्यावर लावून फक्त चुरचुरतं.

वाट चुकली तर? धारेवर ढोरवाटा इतक्या फुटतात की चुकणारच. दहा मिनिटं ओळखीचं काही दिसलं नाही, वाट बारीक होत गेली, काट्यात शिरली, की मागे फिरा, शेवटच्या नक्की ठाऊक असलेल्या जागेपर्यंत. "खाली गाव दिसतंय, उतरू सरळ" हे सह्याद्रीत करायचं नाही. गाव दिसतं, मधला कडा दिसत नाही.

*सावधान: कड्यात, नाळेत काळी मोठी पोळी दिसली तर आग्या मोहोळ समजा. धूर नाही, परफ्यूम नाही, आरडाओरडा नाही, गुपचूप पुढे. माश्या उठल्याच तर डोकं-तोंड झाकून जमेल तितकं लांब निघायचं, हात झटकत जागेवर उभं राहायचं नाही.*

५. दुपार

बारा ते दोन सावली शोधा. जेवण न शिजवता: भाकरी किंवा पोळी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, लोणचं, नाहीतर सातूचं पीठ गूळ-पाण्यात कालवून. स्टोव्ह काढलात की दीड तास गेला. जेवणाआधी बूट-मोजे काढून पाय उन्हात ठेवा आणि सकाळचे ओले मोजे सॅकवर वाळत टाका. लोक आधी जेवतात, मग आडवे होतात, आणि निघताना त्याच ओल्या मोज्यात परत पाय.

दुपारी दोनला कागद बघायचा. अर्ध्याच्या वर वाट झाली नसेल तर मुक्काम बदलायचा निर्णय *तेव्हाच* घ्यायचा. साडेपाचला घेतलेला निर्णय हा निर्णय नसतो, अंधार असतो.

६. मुक्कामाला पोहोचल्यावरचा पहिला तास

सगळ्यात जास्त इथे चुकतं, म्हणून जरा लांबण लावतो.

चार-साडेचारला पोहोचायचं. नोव्हेंबर अखेरीस सहाला सूर्य बुडतो आणि त्यानंतर प्रत्येक कामाला दुप्पट वेळ. बहुतेक जण पोहोचल्यावर काय करतात? सॅक टाकतात, बसतात, मग फोटो काढायला जातात, संजीवनी माचीचा नाहीतर बुधला माचीचा सूर्यास्त, भारी असतो, मान्य. परत येतात तेव्हा घामाचा टीशर्ट अंगावर थंड झालेला, टाक्यापर्यंतच्या वाटेवर अंधार, आणि मग चिडचिड. भांडणं सगळी याच वेळेला होतात.

करायचं असं. सॅक उतरवल्यावर *बसायच्या आधी*:

पहिलं, पाणी. दोघांनी सगळ्या बाटल्या घेऊन टाक्यावर जायचं, उजेडात, म्हणजे पाण्यात काय आहे ते दिसतं. वरवरचं शेवाळ बाजूला सारून भांड्याने घ्यायचं, फडक्यातून गाळायचं, मग उकळायचं, खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पूर्ण. क्लोरीनच्या गोळ्या वापरत असाल तर आधी गाळून मग गोळी, आणि पाकिटावर लिहिलाय तितका वेळ, साधारण अर्धा तास, थांबायचं. गढूळ पाण्यात गोळी टाकून लगेच प्यायलात तर गोळीचा फक्त वास मिळाला. टाक्यात उतरायचं नाही, पाय धुवायचे नाहीत, साबण तर नाहीच. भांड्यात पाणी घेऊन लांब जा.

दुसरं, कोरडे कपडे. घामाचे कपडे काढून झोपायचे कपडे घालायचे, अंग गार पडायच्या आधी. झोपायचा जोड आणि झोपायचे मोजे यांना दिवसा हात लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी. सकाळी परत ते ओलसर थंड कपडे घालायला जीव जातो, माझाही जातो, पण ते दहा मिनिटांत अंगावर वाळतात.

तिसरं, झोपायची जागा. टेंट असेल तर सपाट जागा, कड्यापासून आत, सुक्या नाल्यात नाही आणि मोठ्या सुकलेल्या झाडाखाली नाही. देऊळ नाहीतर गावातली पडवी असेल तर झाडून घ्या, आणि खाण्याची पिशवी दोरीने वर टांगा. उंदीर! बिबट्याबद्दल सगळे विचारतात, उंदरांबद्दल कोणी विचारत नाही, आणि दर ट्रेकला सॅक कुरतडतात ते उंदीरच.

चौथं, पाय. धुवायचे, पुसायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, उद्याचा टेप आत्ताच बघून ठेवायचा. फोड आलाय आणि दुखत नाहीये तर फोडू नका, झाकून ठेवा.

हे चारही झाले की पाऊण तास गेलेला असतो. आता जा सूर्यास्ताला.

*तपासा: अंधार पडायच्या आधी हेडलॅम्प गळ्यात आहे का? सॅकमधे आहे असं नाही, गळ्यात.*

७. स्वयंपाक

एका भांड्यातलं जेवण. मुगाच्या डाळीची खिचडी सगळ्यात सोयीची, डाळ-तांदूळ-मसाला-मीठ घरीच मोजून एका वेळेची एक पिशवी अशी भरून आणायची. डाळ-तांदूळ पोहोचल्या पोहोचल्या भिजत घातले की गॅस बराच वाचतो. २३० ग्रॅमचा एक कॅनिस्टर चार जणांना सकाळचा चहा आणि रात्रीची खिचडी धरून दोन दिवस पुरवायचा, वाऱ्याला आडोसा केला तर. पण आडोसा कॅनिस्टरला चहूबाजूंनी लपेटून करायचा नाही, तो तापतो आणि मग स्फोटाचा खेळ. टेंटच्या आत स्टोव्ह कधीच नाही.

पहिल्या रात्री जड आणि ओलं सामान संपवा, म्हणजे कांदे, बटाटे, टोमॅटो. कोणीतरी हमखास ते "शेवटच्या दिवशी भाजी करू" म्हणून रायगडापर्यंत वाहतो. मेतकूट-भात शेवटच्या रात्रीला ठेवा, तोपर्यंत पोट तेच मागत असतं.

८. संडास

यावर कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. पाण्यापासून आणि वाटेपासून निदान ६० मीटर लांब, साधारण ऐंशी पावलं. छोट्या खुरप्याने वीतभर खड्डा, नंतर मातीने झाकायचा. टिश्यू आणि पॅड पुरायचे नाहीत, जनावरं उकरतात. जाड झिपच्या पिशवीत परत न्यायचे. टाक्याच्या वरच्या उतारावर तर अजिबात नाही, पाऊस आला की सगळं टाक्यात. आणि नंतर साबणाने हात. रेंज ट्रेकवर पोटं बिघडतात ती बहुतेक वेळा पाण्यापेक्षा एकमेकांच्या चिवड्याच्या पिशवीत घातलेल्या हातांनी.

९. रात्र

नऊला झोप. मोबाइल दिवसभर एरोप्लेन मोडवर, नकाशा आधीच उतरवून ठेवलेला, रात्री पॉवरबँक फक्त गरज असेल त्याला. उघड्यावर जमिनीला टेकून झोपू नका, मण्यार रात्री फिरते आणि झोपलेल्या माणसाला चावली तर कळतही नाही. टेंटची चेन पूर्ण बंद ठेवा. रात्री उठलात तर टॉर्च लावूनच पाऊल टाका.

*सावधान: साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करायचं नाही. अंगठी-कडं काढा, तो अवयव हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, आणि उचलून सगळ्यात जवळच्या सरकारी दवाखान्याकडे. फोन १०८ किंवा ११२ ला. मोबाइलला रेंज नसेल तर दोघांनी धारेवर चढून फोन करायचा, एकट्याला पाठवू नका.*

१०. नाळ उतरायचा दिवस

तोरण्यावरून बुधला माचीकडून उतरून वाड्या-वाड्या करत घाटमाथ्यावर मोहरी-सिंगापूर या गावांकडे आलात की कोकणात उतरायचं असतं. सिंगापूर नाळ दापोलीत उतरते. (रत्नागिरीची दापोली नव्हे हो, महाडकडची छोटी दापोली. ड्रायव्हरला नुसतं "दापोलीला ये" सांगू नका, तो खरंच समुद्रावर जाऊन उभा राहील.) बोराट्याची नाळ लिंगाणा सुळक्याच्या शेजारून उतरते, ती जास्त अवघड, दृष्टीभय आहे (खालची दरी बघून भीती वाटते), दोर आणि माहीतगार माणूस नसेल तर मोठ्या सॅका घेऊन तिकडे जाऊ नका.

या दिवसाचा क्रम वेगळा. सकाळी बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट करा, नाहीतर उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. मोहरीतून गावातला माणूस सोबत घ्या. पैसे आधी बोलून घ्या आणि घासाघीस करू नका, तो परत नाळ चढून जाणार आहे. नाळेत एकमेकांच्या डोक्यावर उभं राहायचं नाही: एक तर अगदी चिकटून उतरा म्हणजे निसटलेला दगड वेग घेत नाही, नाहीतर वरचा थांबेपर्यंत खालच्याने कडेला आडोशाला थांबायचं. दगड सुटला की "दगड!" म्हणून जोरात ओरडायचं, सॉरी नंतर. सुकलेल्या कारवीला धरून भार टाकू नका, मोडते. आणि पाणी वरच्या गावातूनच पूर्ण भरा, नाळेत हिवाळ्यात काही नसतं, उतरल्यावर कोकणातलं ऊन तयारच असतं.

११. गावात राहताना

पोहोचायच्या आदल्या दिवशी फोन लागला तर जेवणाची माणसं सांगा. न सांगता आठ जण साडेआठला दारात उभे राहिलात तर मावशींना पुन्हा चूल पेटवून भाकऱ्या थापाव्या लागतात. पैसे सुटे ठेवा, रेंज नसेल तिथे मोबाइलवरून पैसे जात नाहीत. त्यांच्या हंड्यातलं पाणी विचारून घ्या, अंघोळीला तर मागूच नका, फेब्रुवारीत त्या बायका पाण्यासाठी किती चालतात ते सकाळी दिसेलच. पोरांना चॉकलेटं वाटू नका.

घरी आल्यावर झोपायच्या आधी एकच काम: टेंट, स्लीपिंग बॅग आणि बूट बाहेर काढून पसरून ठेवा. मी एकदा "उद्या करू" म्हणून टेंट तसाच गुंडाळून ठेवला, तो पुढच्या शनिवारी उघडला. बुरशीचा वास अजून गेलेला नाही.